व्ही१ न मोडता व्ही२ आणताना

आमच्या ऑर्डरच्या एपीआयमध्ये (बाहेरचे प्रोग्रॅम आमच्या सर्व्हरशी ज्यातून बोलतात तो मार्ग) 'प्राइस' नावाचं एक फील्ड होतं. त्यातून १२.५० असा साधा दशांश आकडा जायचा, चलन कोणतं हे सगळ्यांनी मनातच धरलेलं. दुसऱ्या चलनात ऑर्डरी घ्यायचं ठरलं आणि ते फील्ड तोकडं पडलं. जपानी येनला दशांश नसतो, कुवेती दिनारला तीन दशांश स्थळं लागतात, म्हणजे 'दोन स्थळं' हे गृहीतकच काढायला हवं होतं. नव्या रूपात 'प्राइस' हे ऑब्जेक्ट झालं: आत सर्वांत लहान एककातली पूर्णांक रक्कम आणि तीन अक्षरी चलन कोड. सर्व्हरवर हा बदल अर्ध्या दिवसाचा. बाहेरच्या क्लायंटना, म्हणजे हा एपीआय वापरणाऱ्या प्रोग्रॅमना, धक्का न लावता तो पोचवणं हे खरं काम, आणि ते कसं केलं ते इथे लिहितो आहोत.

नवं व्हर्जन टाळता येतं का, हे आधी पाहिलं. जुनं फील्ड तसंच ठेवून शेजारी नवं टाकलं की बहुतेक बदलांचं भागतं. इथे मात्र घोडं पेंड खात होतं. ५०० येनची ऑर्डर जुन्या क्लायंटने वाचली तर तो ती मूळ चलनातले ५०० समजणार. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, फक्त हिशोब चुकणार. क्लायंट धाडकन पडला तर कुणीतरी लगेच बघतं. चुकीचा आकडा घेऊन गुमान पुढे गेला तर ताळेबंद जुळवताना कळतं. फील्डचं नाव आणि प्रकार तोच राहून अर्थ बदलला तर तो ब्रेकिंग चेंजच, म्हणजे जुना क्लायंट मोडणारा बदल, स्कीमा (फील्डांचा आराखडा) तपासणारी साधनं काहीही म्हणोत. म्हणून व्ही२ काढला (जुनं व्हर्जन ते व्ही१) आणि एक कुंपणही घातलं: ज्या खात्याच्या कीवरून (कॉल करताना दिली जाणारी खात्याची ओळख) मागच्या ३० दिवसांत व्ही१ला कॉल आले आहेत, त्या खात्याला दुसरं चलन चालूच करता येत नाही. कारण सांगणारा मेसेज तिथेच दिसतो. या एका अटीमुळे पुढची निम्मी डोकेदुखी गेली.

कोडला हात लावण्याआधी लॉग उघडले. कोणती की कोणता एंडपॉइंट (एपीआयमधला ठरावीक पत्ता) मारते, ते मागच्या ९० दिवसांचं काढलं. ३० दिवस पुरत नाहीत, तिमाही अहवालाचा जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्रॅम) त्यात दिसत नाही. युजर-एजंटवर, म्हणजे क्लायंट स्वतःचं जे नाव पाठवतो त्यावर, विसंबण्यात अर्थ नाही; बऱ्याचदा तिथे एचटीटीपी लायब्ररीचं डिफॉल्ट नाव असतं, आणि त्यावरून कुणाशी बोलायचं ते कळत नाही. एकच की वेबसाइट, मोबाइल ॲप आणि रात्रीचा जॉब अशा तीन ठिकाणी वापरलेली असते. तिथे वेळ आणि आयपी पाहून तिघं वेगळे करावे लागतात. क्लायंट रिस्पॉन्समधलं कोणतं फील्ड खरोखर वाचतो, हे रेस्टमध्ये (ठरावीक पत्त्यावर अख्खा रिस्पॉन्स देणारी पद्धत) सर्व्हरला दिसतच नाही. ग्राफक्यूएल या दुसऱ्या पद्धतीत क्वेरीतच फील्डं लिहिलेली असल्याने ते मोजता येतं. रेस्टवाल्यांनी प्रत्येक फील्ड कुणीतरी वाचतंच असं धरून चालावं.

आणि फक्त फील्डंच नव्हेत. हायरम राइट या सॉफ्टवेअर अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच सांगतो: वापरणारे पुरेसे वाढले की तुम्ही कागदावर काय कबूल केलं याला फारसा अर्थ राहत नाही, बाहेरून जे जे दिसतं त्यावर कुणी ना कुणी टेकलेलं असतं. ब्राउझरवाल्यांनी हे फार सोसलं आहे. जावास्क्रिप्टच्या ॲरेला (यादीला) 'फ्लॅटन' हे फंक्शन द्यायचं ठरलं, तर मूटूल्स या जुन्या लायब्ररीने त्याच नावाचं स्वतःचं फंक्शन ॲरेला चिकटवलेलं निघालं. साइट मोडत होत्या म्हणून २०१९च्या मानकात ते 'फ्लॅट' या नावाने आलं. २०२२मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही १००व्या व्हर्जनला पोचले, तेव्हा युजर-एजंटमधला व्हर्जन क्रमांक दोनच अंकी असतो असं धरून लिहिलेला कोड सापडेल म्हणून दोघांनीही आधीपासून चाचण्या केल्या होत्या. आकडा ९९वरून १००वर जाणं हासुद्धा ब्रेकिंग चेंज असू शकतो.

त्यामुळे 'सुरक्षित' म्हणून मिरवणारे बदल आम्ही पुन्हा एकेक करून तपासले. रिस्पॉन्समध्ये नवं फील्ड टाकणं सुरक्षित, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण जावामध्ये जॅक्सन २ ही जेसन (एपीआयच्या मजकुराचा साचा) वाचणारी लायब्ररी जशी आहे तशी वापरली तर अनोळखी फील्ड दिसताच ती एक्सेप्शन फेकते. स्प्रिंग बूट हे फ्रेमवर्क ती सेटिंग बंद करून देतं, म्हणून अनेकांना याचा पत्ता नसतो. एनममध्ये (ठरावीक पर्यायांच्या यादीत) नवा पर्याय टाकणं याहून वाईट. 'पेंडिंग, पेड, कॅन्सल्ड' या तिघांत 'पार्शली पेड' आलं, की कडक टाइप असलेल्या भाषेतला डीकोडर तेवढं एक फील्ड नव्हे, अख्खी ऑर्डर नाकारतो, आणि यादीत अशी एक ऑर्डर असली तर अख्खी यादी. यशस्वी रिस्पॉन्सचा कोड २००वरून २०१ केला तर 'बरोबर २००च आहे का' असं तपासणारा क्लायंट पडतो. एरर मेसेजमधलं शुद्धलेखन सुधारलं तर तो मजकूर जुळवून पाहणारा पडतो. म्हणून पहिल्या दिवसापासून मजकुराबरोबर न बदलणारा एरर कोड द्यावा. आयडीची लांबी वाढवली तर समोरच्याच्या कॉलमची रुंदी आड येते. आयडी आकडा असेल तर जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ या संख्येच्या पुढे अचूकता जाते; ट्विटरला याच कारणाने आकडी आयडीच्या जोडीला स्ट्रिंगमधला आयडी द्यावा लागला होता. आणि एपीआयला हातही न लावता क्लायंट मोडतात ते असं: समोरचा लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट सर्व्हरांत वाटणारा) एचटीटीपी/२वर नेला की हेडरची (मजकुराआधी जाणाऱ्या माहितीच्या ओळींची) नावं सगळी लहान अक्षरांत जातात. नियमाने हेडरच्या नावात लहान-मोठं अक्षर एकच, पण साध्या डिक्शनरीतून हेडर शोधणाऱ्या कोडला तो नियम कुठे माहीत असतो!

व्हर्जन कुठे लिहायचं यावर लोक हवा तेवढा वेळ वाद घालू शकतात. आम्ही पाथमध्ये, म्हणजे पत्त्यातच, लिहिलं, '/व्ही२/ऑर्डर्स' असं, आणि फक्त मेजर आकडा. पाथमधला आकडा लॉगमध्ये दिसतो, ब्राउझरमध्ये उघडून पाहता येतो, प्रॉक्सीवर एका ओळीत वळवता येतो. हेडरमध्ये व्हर्जन ठेवायचं असेल तर दोन गोष्टी विसरू नका. कॅशमध्ये जाणाऱ्या रिस्पॉन्सच्या व्हेरी हेडरमध्ये त्या हेडरचं नाव हवंच, नाहीतर सीडीएन (मधला साठवणीचा सर्व्हर) व्ही१चा साठवलेला रिस्पॉन्स व्ही२ मागणाऱ्याला देईल. आणि दुसऱ्या ओरिजिनवरून (साइटवरून) ब्राउझर कॉल करत असेल तर स्वतःच्या हेडरमुळे प्रीफ्लाइट, म्हणजे आधी परवानगी विचारणारी, रिक्वेस्ट येते. कॉर्सच्या (दुसऱ्या साइटवरून कॉल करू देण्याच्या नियमांच्या) परवानगीच्या यादीत तो हेडर नसेल तर कॉल तिथेच अडतो. तारखेवर चालणारी पद्धत स्ट्राइप या पेमेंट कंपनीची प्रसिद्ध आहे: खातं ज्या तारखेच्या व्हर्जनला जोडलं गेलं तिथेच राहतं, आणि एखाद्या कॉलपुरतं वेगळं व्हर्जन हेडरने मागता येतं. गिटहबही आता '२०२२-११-२८' असं तारखेचं व्हर्जन हेडरमध्ये घेतं. बारीक बदल वारंवार करायचे असतील तर ही पद्धत उत्तम, पण तिला मागून यंत्रणा लागते; दोन-चार जणांच्या टीमने पाथवर समाधान मानावं. पद्धत कोणतीही असो, व्हर्जन न सांगणाऱ्याला सर्वांत नवं देऊ नका. तसं केलं की प्रत्येक रिलीज त्याच्यासाठी जुगार.

कोडमध्ये सर्वांत मोठा मोह असतो तो व्ही१चा फोल्डर उचलून व्ही२ नावाने चिकटवण्याचा. मग सुरक्षेची दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागते आणि एका ठिकाणी राहून जाते. आम्ही आतला गाभा एकच ठेवला, तो फक्त नवं रूप ओळखतो. व्ही१ हा कडेचा पातळ थर, म्हणजे अडॅप्टर: येणारी रिक्वेस्ट नव्या रूपात, जाणारा रिस्पॉन्स जुन्या रूपात. उद्या व्ही३ आला तर त्याचं रूप आधी व्ही२मध्ये उतरेल, मग व्ही२चं व्ही१मध्ये. जुन्या अडॅप्टरला हात लावायचा नाही.

तो पातळ थर म्हणजे शंभरने गुणायचं आणि शंभरने भागायचं, एवढंच वाटलं होतं. जावास्क्रिप्टमध्ये १९.९९ गुणिले १०० केलं तर उत्तर १९९८.९९९९९९९९९९९९८ येतं, कारण १९.९९ ही संख्या बायनरीत नेमकी बसत नाही. त्यावर पूर्णांक करणारं फंक्शन लावलं की १९९८. एक एकक गायब, आणि तेही काहीच किमतींना. त्यामुळे १० आणि १२.५०वर लिहिलेल्या टेस्ट हिरव्याच राहतात. छाटायचं नाही, राउंड करायचं. पायथनमध्ये तर जेसन वाचतानाच दशांश आकडे डेसिमल प्रकारात घ्यायला सांगता येतं, म्हणजे बायनरीतला फ्लोट आकडा वाटेत येतच नाही.

एवढ्यावर भागलं नाही. व्ही१ला कुणी ३३.३३३ पाठवलं तर तो कधीच नाकारत नसे. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या दोन स्थळांच्या न्यूमेरिक कॉलममध्ये जाताना ते आपोआप राउंड व्हायचं. आता कॉलम पूर्णांक झाल्यावर ते काम अडॅप्टरकडे आलं. पोस्टग्रेसचा न्यूमेरिक अर्ध्यावर आलेला आकडा शून्यापासून दूर ढकलतो, २.३४५चे २.३५ करतो. पायथनचा डेसिमल डिफॉल्टने सम अंकाकडे झुकतो आणि २.३४ देतो. दोन्ही पद्धती रास्त आहेत, पण जुन्या क्लायंटला जुनाच आकडा मिळायला हवा, म्हणून अडॅप्टरमध्ये राउंडिंगची पद्धत स्पष्ट लिहिली. पूर्णांक नसलेली रक्कम नाकारणं व्ही२मध्ये केलं, व्ही१मध्ये नाही. चालू व्हर्जनमधली तपासणी कडक करणं हाही ब्रेकिंग चेंजच, कितीही शहाणपणाचा वाटला तरी.

परतीच्या वाटेवर वेगळीच अडचण होती. जुना सर्व्हर १२.५० असं लिहायचा, नवा अडॅप्टर १२.५ लिहू लागला. जेसनच्या दृष्टीने दोन्ही एकच संख्या, त्यामुळे पार्स करून तुलना करणाऱ्या टेस्टला काहीच दिसलं नाही. पण रिस्पॉन्सच्या कच्च्या मजकुराचा हॅश (त्यावरून काढलेली छोटी खूण) काढून 'काही बदललं का' ते पाहणाऱ्या सिंक जॉबला सगळ्याच ऑर्डरी बदललेल्या दिसणार. शेवटचं शून्य परत आणलं. हा फरक सापडला तो बाइटला बाइट तुलना केल्यामुळे, त्याबद्दल पुढे.

वाचणं सोपं, लिहिणं अवघड. जुना क्लायंट व्ही१मधून ऑर्डर आणतो, पत्ता बदलतो आणि पूट (अख्खी नोंद बदलणारी रिक्वेस्ट) करून अख्खी ऑर्डर परत पाठवतो. व्ही२मध्ये नव्याने आलेलं 'गिफ्ट नोट' हे फील्ड त्याला माहीतच नाही, म्हणून त्याच्या ऑर्डरमध्ये ते नाही. पूटचा काटेकोर अर्थ घेतला तर नसलेलं फील्ड रिकामं झालं. व्ही२च्या क्लायंटने लिहिलेली नोट व्ही१च्या क्लायंटने पत्ता बदलताना पुसली, आणि दोघांच्याही कोडमध्ये चूक नाही. म्हणून व्ही१च्या अडॅप्टरमध्ये नियम ठेवला: व्ही१ला ठाऊक असलेल्या फील्डांनाच पूट हात लावतो, बाकी डेटाबेसमध्ये आहे तसं राहतं. याची टेस्ट सर्वांत आधी लिहावी. व्ही२ने सगळी फील्डं भरायची, व्ही१ने एक बदलायचं, व्ही२ने पुन्हा वाचायचं. बाकी सगळं जसंच्या तसं असलं पाहिजे.

डेटाबेसमध्ये कॉलमचं नाव किंवा प्रकार एका फटक्यात बदलायचा नाही. डिप्लॉय (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) चालू असताना काही मिनिटं जुना आणि नवा कोड एकाच टेबलावर काम करतात. म्हणून आधी रिकामा नवा कॉलम टाकला. मग कोड दोन्ही कॉलममध्ये लिहू लागला, वाचणं जुन्यातूनच. मग जुन्या ओळी हजार-हजारच्या तुकड्यांत भरल्या, मध्ये थोडा श्वास घेत, म्हणजे टेबल अडकून पडत नाही आणि रेप्लिका (डेटाबेसची प्रत) मागे राहत नाही. दोन्ही कॉलम जुळत नाहीत अशा ओळींची संख्या शून्य झाल्यावरच वाचणं नव्यातून सुरू केलं. त्यानंतर जुन्यात लिहिणं थांबवलं, आणि कॉलम काढून टाकणं पुढच्या वेगळ्या रिलीजसाठी ठेवलं, कारण कॉलम काढल्यावर रोलबॅकची (जुन्या कोडवर परतण्याची) वाट बंद होते.

वेबहुक, म्हणजे काही घडलं की क्लायंटला पाठवलेले निरोप, हमखास विसरले जातात. तिथे क्लायंट काही मागत नाही, आपणच पाठवतो, त्यामुळे पाथमध्ये व्हर्जन लिहून काही साधत नाही. प्रत्येक नोंदणीबरोबर व्हर्जन साठवावं, आणि इव्हेंट रांगेत घालताना नव्हे, पाठवताना त्या रूपात बदलावा. पोचत नाही म्हणून पुन्हा पुन्हा पाठवला जाणारा इव्हेंट काही दिवस रांगेत असू शकतो, आणि तेवढ्यात समोरच्याने व्ही२ची नोंदणी केलेली असते.

टेस्टसाठी लॉगमधल्या खऱ्या रिक्वेस्ट घेतल्या, टोकन आणि वैयक्तिक तपशील झाकून. त्या जुन्या बिल्डवर चालवून आलेले रिस्पॉन्स फाइलमध्ये ठेवले, आणि नव्या बिल्डचे रिस्पॉन्स त्यांच्याशी बाइटला बाइट ताडले. तारीख-वेळ आणि रिक्वेस्ट आयडी आधी एका ठरावीक मजकुराने बदलून घ्यावे लागतात, नाहीतर प्रत्येक ओळ लाल दिसते आणि दोन दिवसांनी कुणी बघत नाही. ओपनएपीआयच्या (एपीआयचं वर्णन लिहिण्याच्या साच्याच्या) दोन फाइलींतला फरक काढून ब्रेकिंग चेंज पकडणारी साधनं सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप होणाऱ्या तपासण्यांत) लावलीच पाहिजेत. प्रोटोबफ या डेटाच्या साच्यासाठीही तशी आहेत. पण फील्डचा प्रकार तोच राहून अर्थ बदलला तर ती गप्पच राहतात.

व्ही२ सुरू झाला त्याच दिवशी व्ही१च्या प्रत्येक रिस्पॉन्समध्ये दोन हेडर घातले. डेप्रिकेशन हेडर ('हे आता वापरू नका') २०२५च्या आरएफसी ९७४५मधला, सनसेट हेडर ('अमुक तारखेला बंद') २०१९च्या आरएफसी ८५९४मधला; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज. दोघांच्या तारखेचा साचा वेगळा आहे, आणि इथे बरेच जण चुकतात: डेप्रिकेशनमध्ये '@' आणि पुढे युनिक्स सेकंद (१९७०च्या सुरुवातीपासून मोजलेले), म्हणजे १ जानेवारी २०२६साठी '@१७६७२२५६००', सनसेटमध्ये मात्र वार-दिनांक-वेळ आणि शेवटी जीएमटी असा एचटीटीपीचा नेहमीचा साचा. सनसेटची तारीख डेप्रिकेशनच्या आधीची चालत नाही. सोबत लिंक हेडरमध्ये बदलांची माहिती देणाऱ्या पानाचा पत्ता. ब्राउझरमधल्या कोडला दुसऱ्या ओरिजिनवरचे हे हेडर वाचता यावेत म्हणून कॉर्सच्या एक्सपोज यादीत त्यांची नावं घालावी लागतात. खरं सांगायचं तर हेडर वाचणारे थोडेच. पण जे वाचतात त्यांच्याशी पत्रव्यवहार करावा लागत नाही. बाकीच्यांना ईमेल, आणि त्यात 'तुमची अमुक की, अमुक एंडपॉइंट, शेवटचा कॉल अमुक तारखेला' असं नेमकं. मोघम ईमेल वाचून प्रत्येकाला वाटतं, हे आपल्यासाठी नाही.

तरीही न हललेल्यांसाठी ब्राउनआउट, म्हणजे ठरवून, आधी सांगून थोडा वेळ बंद ठेवणं. गिटहबने २०१८मध्ये जुनं टीएलएस (कनेक्शन सुरक्षित ठेवणारी पद्धत) कायमचं बंद करण्याआधी ८ फेब्रुवारीला ते तासभर बंद ठेवलं आणि २२ फेब्रुवारीला कायमचं. आम्ही आधी ५ मिनिटं, मग १५, मग एक तास असं वाढवत नेलं, आणि वेळा दर वेळी वेगळ्या ठेवल्या. रात्री दोनला चालणारा जॉब दुपारच्या ब्राउनआउटमध्ये कधीच सापडत नाही. ५ मिनिटांच्या फेरीत रिट्राय करणारे क्लायंटही सहज निसटतात.

बंद करताना व्ही१वरून व्ही२कडे रीडायरेक्ट लावण्याची कल्पना कुणीतरी मांडतंच. लावू नका. ३०१ किंवा ३०२ हा रीडायरेक्टचा कोड आला की अनेक क्लायंट पोस्टचं (पाठवण्याचं) गेट (मागणं) करतात आणि बॉडी टाकून देतात. ३०८मध्ये मेथड टिकते, पण होस्ट बदलत असेल तर बऱ्याच लायब्ररी ऑथोरायझेशन हेडर पुढे नेत नाहीत. शिवाय रीडायरेक्टने पत्ता बदलतो, रूप नाही. 'प्राइस'मध्ये आकडा शोधणाऱ्याला ऑब्जेक्ट मिळेल आणि तो तिथेच पडेल. सरळ ४१० ('कायमचं काढलं') द्यावा, बॉडीमध्ये नव्या पत्त्यासह. ४०४ ('सापडलं नाही') देऊ नये. त्यावरून समोरचा आपल्याच यूआरएलमधली चूक शोधत बसतो.

मोबाइल ॲपचं गणित निराळं. जुनं ॲप फोनमध्ये वर्षानुवर्षं राहतं, आणि 'अपडेट करा' ही स्क्रीन दाखवायची सोय त्यात नसेल तर ती आता घालता येत नाही. ती पहिल्याच रिलीजमध्ये हवी, नाहीतर त्या ॲपपुरता व्ही१ जिवंत ठेवण्यावाचून इलाज नाही.

सनसेटनंतर व्ही१चा अडॅप्टर आणि त्याच्या टेस्ट काढल्या, जुना कॉलम आणखी एका महिन्याने. ४१० देणारा रूट मात्र ठेवला आहे आणि त्यावर येणारे कॉल कीप्रमाणे मोजतो. तिमाही जॉब तिथेच येऊन धडकतात, तेव्हा त्या खात्याला पुन्हा ईमेल जातो. 'प्राइस_डेसिमल' हे मधल्या काळात वापरलेलं फील्डनाव राखीव (पुन्हा न वापरायच्या) यादीत टाकलं आहे, प्रोटोबफमध्ये काढलेल्या फील्डचा क्रमांक 'रिझर्व्ह्ड' लिहून ठेवतात तसं.